कान फुटला

आष्ट्यात कुणालाही विचारा,
दस्तगीरचं घर कुठलं? तर म्हणतील,
हाडं बसवणारा? तालमीच्या मागं, निळं दार.

बेचाळीस वर्षं झाली.
निसटलेले खांदे, मुरगळलेले घोटे,
डाव चुकून मान अवघडलेली पोरं,
ट्रॅक्टरवरून पडलेला एक सरपंचसुद्धा
या तळव्यांखालून गेला.
हाड जागेवर गेलं की हाताला कळतं,
अंधारात जिन्याची शेवटची पायरी
पायाला कळते तसं.

सुनेत्रा मगदूम आली ती रात्री साडेदहाला,
पोर खांद्यावर,
पायात दोन जोडांच्या दोन चपला.
पार्श्व, तीन वर्षांचा,
डावा कान मुठीत घट्ट धरून.
रडून रडून आवाज बसलेला.

"तुमचा मुनीर सांगलीत करतोय म्हणं,
मान मोकळी केली की कान मोकळा.
तिथं एका वेळचे आठशे.
तुम्ही तर त्याचे वस्ताद."

मुनीर माझ्या बहिणीचा.
विश्रामबागला पाटी लावलीय, कायरोप्रॅक्टिक.
मला अजून एका दमात म्हणता येत नाही.
टेबल आहे, खट् करून खाली जातं.
कोपऱ्यात प्लास्टिकचा कणा टांगलाय,
त्याच्यातनं पिवळ्या वायरी निघाल्यात.
एक कानाकडं जाते म्हणाला.
मी बोट लावून बघितलं होतं.
वायर होती.

पोराच्या मानेवर हात ठेवला.
मान कसली, भुईमुगाची ओली शेंग.
सातही मणके आपापल्या जागी,
प्रार्थनेला उभी राहिलेली शाळा.
दुखणं तिथं नव्हतंच.
दुखणं आत, जिथं माझं बोट पोचत नाही,
आणि अंग तव्यासारखं.

म्हणायला पाहिजे होतं,
बाई, हे माझं काम न्हवं.
म्हणालो नाही.
ती माझ्या हातांकडं अशी बघत होती
की हातांनाच रिकामं परतायची लाज वाटली.
पाठ चोळली, खांदे चोळले.
दाबलं काही नाही, अल्लाशपथ.
पोर झोपलं.
मग आई रडली.

तिसऱ्या दिवशी नारळ घेऊन हजर.
"पहाटे कान फुटला बघा, उशी भिजली,
आणि कळ एकदम बंद!
सगळी घाण निघाली. तुमचा हात, वस्ताद."

नारळ माझ्या मांडीवर.
धाकट्या रशीदची कळ अशीच बंद झाली होती.
आईनं तेव्हा साखर वाटली गल्लीभर.
पुढं तो जन्मभर
माणसांच्या उजव्या हाताला बसायला जागा शोधायचा,
आणि सगळे हसले की
जरा उशिरा हसायचा.

म्हटलं, बाई, पडदा फाटलाय आतला.
लसणाचं तेल घालू नको.
न्हाताना पाणी जाऊ देऊ नको.
आत्ता, अशीच, मिरजेची गाडी धर,
कानाचा डॉक्टर गाठ.

"म्हणजे तुमच्या हातानं नाही झालं?"

नाही.

हा शब्द एवढा लहान आहे
मला माहीत नव्हतं.
ती उठली. पोरानं माझ्याकडं बघून
बाय केलं, उजवा कान पुढं करून,
की मला तसं वाटलं.
भाडं आहे का विचारायचं राहिलं.

संध्याकाळी मुनीरला फोन लावला.
ती पिवळी वायर, म्हटलं,
लहान पोरं घेऊन आलेल्या आयांना
दाखवत जाऊ नको.
"मामा, आवाज तुटतोय," म्हणाला,
"पेशंट बसलेत, नंतर बोलू."
रेंज तर चांगली होती.

आठ दिवस झाले. मगदूमांच्यातनं
कुणी आलं नाही, काही कळलं नाही.
नारळ कोनाड्यात आहे.
फोडावा तर कशाचा म्हणून फोडू?
हलवला की आत
पाणी वाजतं.