अकराच्या सुमारास

माझे वडील म्हातारे झाले
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, अकराच्या सुमारास.
ते मी केलं.

त्याआधी अथेन्सहून पेन्शनचं पत्र आलं होतं,
त्यावर त्यांनी वांग्याच्या बिया वाळत घातल्या.
त्याआधी गुडघा. त्याआधी चष्मा.
बेकरीतली नवी मुलगी 'आजोबा' म्हणाली
तेव्हा मागे वळून पाहिलं होतं त्यांनी,
कोण आलंय म्हणून.
कशानेही काही झालं नव्हतं.

क्रीटमधल्या आमच्या गावात याचा काही नियम नाही.
कॅलिओपी चौतिसाव्या वर्षी म्हातारी झाली:
नवरा बेल्जियमच्या खाणीतून पेटीत बंद होऊन आला,
तिने डोक्याला काळा रुमाल बांधला
आणि पुढची पन्नास वर्षं तिचं वय कुणी विचारलं नाही.
पाद्री तर दाढीमुळे पंचविशीतच.
आणि सिफिस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बोळक्या तोंडाचा,
संध्याकाळी मोटरसायकल घेऊन फिरतो,
त्याला सगळं गाव 'पोरगा' म्हणतं,
कारण त्याची आई अजून खिडकीतून ओरडते,
सिफिस, स्वेटर घाल.

त्या मंगळवारी जाळ्या अंथरून झाल्या होत्या.
जनरेटर धडधडत होता,
माझा मुलगा मिनास पोती मोजत होता.
वडिलांनी शिडी खांद्यावरून उतरवली,
ऑलिव्हच्या बुंध्याला टेकवली,
दरवर्षीसारखी पायाने दाबून पाहिली,
पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

मी म्हणाले, "बाबा, तुम्ही पानं निवडा."

एवढंच.
पडाल असं म्हणाले नाही. वयाचं नाव काढलं नाही.
येताना मीठ घेऊन या, असं सांगावं
तसं सांगितलं.

त्यांनी पाऊल खाली घेतलं.

मी भांडायच्या तयारीने आले होते.
डॉक्टरांचं वाक्य रस्ताभर पाठ केलं होतं,
ते तोंडातच राहिलं
झाडावरून थेट खाल्लेल्या फळासारखं, कडू.

ते उलट्या क्रेटवर बसले.
इतकं हलकं काम त्या हातांना कधी मिळालं नव्हतं,
त्यामुळे चुकायला लागले:
पानं पोत्यात, फळं बाहेर.

मी वर चढले.
वरून त्यांच्या डोक्यावर मधोमध
जुन्या नाण्याएवढं टक्कल दिसलं.
कधीपासून होतं कोण जाणे.
चव्वेचाळीस वर्षांत
मी त्यांना वरून पाहिलंच नव्हतं.

जेवायच्या वेळी मिनासने
कुणी न सांगता गाडीतून त्यांच्यासाठी खुर्ची आणली.
म्हणजे बातमी पसरली होती.
त्यांनी खुर्चीवर कोट ठेवला
आणि उभ्याने पाव खाल्ला.

तीनच्या पुढे कधीतरी खालून आवाज आला,
दिवसभरातला पहिला:
"डावीकडे. तुझ्या कानामागे."
खरंच होती, मूठभर, पानाआड.
"अजून वर." होती.
"ती राहू दे, ती नाही यायची." नाहीच आली.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या फांदीवर
मुद्दाम काही फळं ठेवली,
जमिनीवरून हात पोचेल अशा उंचीवर.
दहा-बारा असतील.
ते दोनदा त्या फांदीखालून गेले.
एकदा थांबून, चष्मा काढून, पुसून
पुन्हा लावला,
माझ्याकडे पाहिलं
आणि पोतं ओढत गाडीकडे गेले.

तेल निघालं, डबे भरले, शिडी गोठ्यात गेली.
जानेवारीत मी पुन्हा त्या बाजूला गेले तेव्हा
ती दहा-बारा तिथेच होती,
काळी, सुरकुतलेली,
अजून देठाला धरून.