दहा मीटर सरळ

गायधनी एजंट गाडी स्टँडला लावून
आधी डोंगर दाखवतो. मग बोअरचं पाणी. मग
सिन्नर किती मिनिटांवर आलं, ते.
मी पिशवीतून टेप काढते,
एक टोक त्याच्या हातात देते.
"धरा. आणि त्या बाभळीकडं चालत जा."

त्याला वाटतं, बाई बंगला आखतेय.
मला फक्त एक रेघ हवी आहे,
दहा मीटर, मधे कुणी न येणारी,
आणि तिच्या शेवटी मातीचा बांध,
डोक्याहून उंच.

जेलरोडच्या फ्लॅटात ती रेघ
ओट्यापासून निघायची, पॅसेजमधून
बेडरूमच्या कपाटाशी थांबायची.
सात मीटर वीस.
उरलेले दोन ऐंशी
कुलथ्यांच्या देवघरात होते.

छर्रा फळीत बसला की नुसतं फट्.
कुकरची शिटी त्याहून मोठी.
तरी मीटिंग भरली, चहा आला,
सेक्रेटरी म्हणाले, कायदा तुमच्या बाजूनं आहे, मान्य,
पण बिल्डिंगमध्ये पोरंबाळं आहेत,
आणि या वयात, पगारे मॅडम,
कशाला?

चौकीतल्या हवालदारानं पावती वाचली,
ज्यूलचा आकडा बोटानं दोनदा तपासला.
याला परवाना लागत नाही म्हणाला, जरा हिरमुसून.
मग दारापर्यंत आला आणि
त्यानंही तेच विचारलं.

काय सांगू?
एकतीस वर्षं प्रेसमध्ये
नोटांचे ताव उजेडाला धरले.
शाई पसरलेली, नंबर सरकलेला,
पिनेच्या टोकाएवढं भोक:
लाल पेन्सिलीची खूण, आणि ताव बाद.
सुटताना माझी झडती. डबा, चपला, अंबाडासुद्धा.
इतके पैसे पाहिले मी
की पगाराच्या नोटाही आधी उलटून बघायचे.

रिटायर झाल्यावर भाचीच्या लेकीला
क्लासला सोडायला गेले होते.
कोच म्हणाला, आजी, एक मारून बघा.
मारला. काळ्याच्या काठाला लागला.
"आठ," तो पोरगा म्हणाला.
भोकाला गुण मिळतात
हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

शेतकरी दाखला माझ्याकडं नाही, म्हणून एन.ए. शोधायचा.
अकरा प्लॉट पाहिले. एका ठिकाणी रेघेच्या टोकाशी
शाळेची वाट होती. एका ठिकाणी म्हशींचा गोठा.
पांढुर्लीला शेवटी अडीच गुंठे.
मोजणीवाल्यानं हद्दीचे दगड रोवले,
मी त्यांच्या आत माझा एक खडूनं आखला.

शेजारचे तुंगार द्राक्षवाले.
पहिल्याच दिवशी खूश होऊन आले:
"बरं झालं, बंदूकवाली बाई आली.
बुलबुलांनी घड फोडून ठेवलेत. हाणा दोन-चार."
मी म्हटलं, मी कागदच मारते.
ते बांधावर बसले, तंबाखू मळली, वाट पाहिली.
मी श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबले.
फट्.
"झालं?"
झालं.
तेवढ्यात पलीकडं देवळालीच्या रेंजवर
तोफ उडाली. माझ्या खिडकीची काच थरथरली.
"ही बघा," ते म्हणाले, "हिला म्हणायचं बंदूक."

त्यानंतर ते येईनासे झाले. बरं वाटलं.
बुलबुल मात्र यायचे, बांधावरच बसायचे,
आणि मी रायफल खाली ठेवून
ते उडेपर्यंत डबा खायचे.

परवा, थंडी होती, चांगली होती हाताला.
दहा छर्रे संपले, कागद काढला
आणि सवयीनं उजेडाला धरला.
दहा ठिकाणांहून आकाश आलं.
दोन भोकं इतकी शेजारी
की त्यांचं एकच झालेलं.
बोटं पेन्सिल शोधत होती, खिशात, कानामागं.

तुंगार पाठीशी कधी येऊन उभे होते, कळलं नाही.
मी तयारीत राहिले, आता विचारतील.
"किती पडले?"
शहाऐंशी.
"शंभरातून?"
शंभरातून.
त्यांनी कागद घेतला, उलटा करून पाहिला, परत दिला.
"आमच्या पोराला गणितात पस्तीस आहेत," म्हणाले,
आणि मोटर चालू करायला गेले,
थ्री फेज आली होती.