हयातीचा दाखला

सातची एसटी न थांबता गेली.
हात केला होता मी, छत्रीसकट.
ड्रायव्हरला दिसले नसेन,
किंवा दिसले असेन आणि वाटलं असेल,
ही बाई रोजचीच, उभी असते.

मग नदीकाठानं निघाले.
पिशवीत बँकेचं पुस्तक, आधार कार्ड,
तांदळाच्या दोन भाकऱ्या
आणि कुकरची जुनी रिंग, मापाला.

कार्तिक लागलाय.
वाशिष्ठी आता अशी निवळलीय
की श्रावणात कुणाकुणाच्या घरात शिरली होतीस
असं विचारलं तर म्हणेल, मी?
शिरप्याच्या गोठ्याच्या भिंतीवर तिची रेघ आहे अजून,
माझ्या डोक्याच्या वीतभर वर.
त्यानं बरोबर रेघेवरच खिळे ठोकून
विळे अडकवलेत.

कापणी अर्धी झालीय.
खुंटांत पाय पडला की टोळ उडतात,
फोडणीतल्या मोहरीसारखे.
बांधावर कुर्डू, कुणी न लावलेला.
रखमा कंबरेवर हात ठेवून सरळ झाली:
"कुठं चाल्लीस गो एवढ्या सकाळची?"
"जिवंत आहे म्हणून सांगायला."
"आमाला सांग की हितंच. भाडं वाचंल."
हसलो दोघी.
तिच्या पेंढीतली एक लोंबी
माझ्या पदराला धरून पुढं आली.

तरीच्या धक्क्यावर थांबायचं नव्हतं.
थांबले.
पूल झाल्यापासून तिथं शेवाळ असतं आणि मगरी.
आज एकच होती, जबडा उघडा टाकून ऊन खात.
धोंडू म्हणायचा, तिच्याकडे टक लावून बघू नये,
तिला वाटतं, आपलं तिच्याकडे काही काम आहे.
एकवीस वर्षं त्यानं दोर ओढला ह्या पाण्यावरून.
सरकारी तर, सरकारी पगार.
तो तापानं पडला की मी ओढायचे,
बिनपगारी.
सालटी दोघांचीही गेली.

पुढं भरती लागली.
नदी उलटी फिरली आणि माझ्याच बाजूनं
बाजाराकडं चालू लागली.
तिचं तिथं काय काम, मी विचारलं नाही.
एक निळी चप्पल बराच वेळ सोबत होती पाण्यातून,
डाव्या पायाची.
खारफुटीत अडकली.
तिला सोडून जाताना उगाचच मागं वळून बघितलं.

बँकेत पंखा फिरत होता, माणसं बसून होती.
माझा नंबर आला तेव्हा दीड वाजला.
पोरगा कोवळा, नुकती मिशी फुटलेला.
"अनसूया धोंडू पडवळ?"
"होय."
"अंगठा ठेवा."
लाल दिवा.
"पुसून ठेवा."
पदराला पुसला. लाल.
"दुसऱ्या हाताचा."
लाल.
"आजी, रेषाच नाहीत हो तुमच्या."
आहेत, म्हटलं. दोराला आहेत.
बंदर खात्यानं नेला तो परत,
पावती आहे घरी.

त्यानं डोळ्याचं यंत्र काढलं.
हलू नका, पापणी पाडू नका.
सकाळपासून पाण्यावरचं ऊन बघत आले होते,
त्या काळ्या काचेतसुद्धा तेच हलत होतं.
मी पापणी पाडली नाही.
मगरीसमोर उभं राहायची सवय आहे.
हिरवा.
"झालं," तो म्हणाला, "आता वर्षभर काळजी नाही."
वर्षभर, मी मनात म्हटलं,
आणि पिशवी उचलली.

रिंग मिळाली नाही. हे माप आता येत नाही म्हणे.
एक नंबर मोठी घेतली,
बसेल ठोकून.
पुलाच्या कठड्याशी उभ्यानं भाकरी खाल्ली.
पदर झटकला तर रखमाची लोंबी पडली
डांबराच्या कडेला, चिमूटभर मातीत.
कार्तिकात कोण पेरतं.
तरी पायानं थोडी आत ढकलली.

स्टँडवर गाडी लागली होती, आमच्याच गावाची.
पाय म्हणत होते, चढ.
खाली ओहटी सुरू झाली होती,
नदी आपलं काम उरकून परत निघाली होती.
मी काठाकडं उतरले.