खट्

दुकानदार विचारतो, बॉडी कुठली दाखवू?
टूर्बियॉर्न दोन्ही हातांत दोन घेऊन तोलतो.
एक जड, बर्फात टिकणारी.
दुसरी हलकी, व्हिडिओला झकास,
पण उणे विसाला बॅटरी मान टाकते.

शटरचा आवाज किती येतो?
एवढंच विचारायचं होतं त्याला.

गेल्या सप्टेंबरात, येम्टलांडच्या दलदलीकाठी,
मूस चाळीस पावलांवर आला होता.
सिग्नेनं फोटो काढला. खट्.
आधी त्याचे कान वळले,
मग जंगलाचंच तोंड फिरल्यासारखं झालं.
बंदूक खांद्यापर्यंतही पोचली नव्हती.
तो लेकीला काही बोलला नाही.
परतताना फुगून बसली ती कुत्री.
हिवाळाभर विकतचं डुक्कर खाल्लं.

फोटो तसा हललेलाच.
पण मोठा करून पाहिला तर त्या डोळ्यात
बर्चचे बुंधे, थोडं आभाळ,
आणि तळाशी दोन ठिपके:
एक वाकलेला, एक उभा.

"ही अगदी मुकी आहे," दुकानदार म्हणतो,
"जनावराला पत्ताही लागणार नाही."

टूर्बियॉर्न ती काचेवर परत ठेवतो.
"खट् वाजणारी दाखवा.
जड असली तरी चालेल,
यंदा खांदा रिकामाच आहे."