एक टक्का कमी

मजगावच्या या खोलीत, पत्र्याखाली,
डिसेंबरात सकाळी साडेसहाला
फेविकॉल बाटलीतून उतरत नाही.
उतरला तर जोड खडूसारखा पांढरा पडतो
आणि दुपारी हातात येतो.

मी लाकडाचे पंप करतो.
म्हणजे उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी पॅटर्न.
ते वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात
आणि माझ्या लाकडाच्या जागी
वितळलेलं लोखंड ओततात.
तिकडे भट्टी.
इकडे मी, बोटं काखेत घालून.

खडेबाजारात हिरेमठांकडे हीटर बघून आलो.
दोन कांड्यांचा.
"घ्या की हो मिस्त्री, थंडी काय वायद्यावर थांबतीय?"

रात्री पाइनच्या फळीवरच मांडलं,
कागद शोधायला उठवेना.
हीटर अठराशे पन्नास.
जाड वायर आणि मोठं बटण, सहाशे चाळीस,
कारण लेथ सुरू केला की जुन्या वायरीला घाम फुटतो
(या खोलीत घाम फुटणारी ती एकटीच).
रोज तीन तास, सहा युनिट,
युनिटला सात धरले,
साठ दिवस.

बिल कानडीत. रेणुकाला हाक मारली,
ती नववीला, कन्नड शाळेत.
"निगदित शुल्क," तिनं वाचलं.
म्हणजे?
"जाळा नाहीतर अंधारात बसा, द्यायचंच."
असलं शुल्क मला जुनं ओळखीचं,
नाव तेवढं आज कळलं.

बाकावर स्पिरिट असतं, चपडा असतो, उघडाच.
लाल कांडीपासून तो किती हात लांब हवा,
हे कुठल्या रकान्यात लिहू?
आण्णा भुशाची शेगडी करायचे.
डब्यात मधोमध बाटली उभी करून भुसा ठासायचा,
बाटली ओढून काढली की धुराडं तयार.
फुकट.
फुकट म्हणजे शेवटची चार वर्षं खोकला.

आणि जमेला? सकाळचे दोन तास जास्त काम.
काम असलं तर.
हल्ली कोल्हापूरचा कुणी मशीनवर पॅटर्न काढून देतो.
त्याच्या मशीनला बोटं नाहीत.

भागीरथी फळीवर वाकून म्हणाली,
"माझा गॅस धरलाय काय ह्यात?
रोज पहाटे तुमची बाटली
गरम पाण्यात कोण ठेवतंय?"

मला वाटायचं, काही सकाळी
थंडीच कमी असते.

माझी पट्टी धंद्यानेच खोटी.
तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा बोटभर मोठा,
कारण लोखंड निवताना आकसतं, शंभराला एक.
ती वापरून वापरून मी सगळंच थोडं वाढवून धरतो,
पोरीचा युनिफॉर्म, दवाखान्याचा खर्च,
माणसं परत येण्याची वेळ.
त्या रात्री मात्र वाढवलं नाही.
बेरीज आली पाच हजार दहा.
दोनदा अधोरेखित केली, पेन्सिल दाबून.

सकाळी फळी कमी पडली
तर तीच घेतली, पंपाच्या कव्हरला.
पॉलिश पेपर मारायला हवा होता.
बोटं वळत नव्हती. वरून काळा रंग दिला.

शनिवारी फाउंड्रीतून अल्ताफचा फोन.
"मिस्त्री, कव्हरच्या आतल्या अंगाला आकडा उमटलाय.
पाच, शून्य, एक, शून्य.
पार्ट नंबर हाय काय हो?"

हाय, म्हटलं. राहू दे.

बारा नग ओतून झाले होते तोवर.
आता कुठल्या कुठल्या विहिरीवर, ओळखदेख नसलेल्या गावात,
माझा हिवाळ्याचा खर्च पाणी उपसत असेल,
गार लोखंडात,
एक टक्का कमी.