पूर्ण अवयव पाडा

सोमवार. उद्यमनगर बंद.
लेथ झाकलेले, भट्ट्या गार,
फक्त आमच्या शेडमध्ये हिंदुराव मिस्त्री, म्हणजे माझे वडील,
वडणग्याच्या कुणाचं तरी इंजिन उघडून बसलेत.
मी उलट्या क्रेटवर. मांडीवर वही.

तीन गुणिले क्षचा चौथा घात, वजा अठ्ठेचाळीस.
मगदूम बाईंनी 'पूर्ण' या शब्दाखाली
दोन रेघा मारल्यात,
कारण मागच्या चाचणीत मी मधेच थांबले होते.

आधी सामाईक असेल ते बाहेर.
तीन बाहेर आला, वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.
वडिलांनी एक वायसर काढला,
डिझेलच्या परातीत टाकला.

उरला चौथा घात वजा सोळा.
वर्गातून वर्ग गेला: एक कंस अधिकचा, एक वजाचा.
झालं, म्हणून मी पेन मिटलं.
"अजून सुटतंय का बघ की,"
वडील नटाशी बोलत होते,
पण बघितलं मी.
क्ष वर्ग वजा चार परत सुटला,
गंजका नट दुसऱ्या हिसक्याला
कुरकुरत यावा तसा.

राहिला क्ष वर्ग अधिक चार.
त्याला सगळे पाने लावून पाहिले.
दोन नि दोन: गुणाकार बसतो, बेरीज सांडते.
दोन नि उणे दोन: बेरीज शून्य,
गुणाकार उलटा फिरतो.
अर्धं पान खोडून काळं.

"हे नाही सुटत."
त्यांनी मान वर न करता हातातला तुकडा दाखवला.
"ह्यो बी न्हाई. एकसंध ओतलाय, जोडच न्हाई ह्याला.
हातोडा घातला तर फुटंल,
सुटायचा न्हाई."

मग मी तो कंस तसाच ठेवला.
न सुटलेलं काहीतरी
पहिल्यांदाच उत्तरात लिहिलं.

पडताळा. कंसाला कंस गुणत गेले,
आला चौथा घात वजा सोळा.
अठ्ठेचाळीस कुठं गेले?
तिकडं इंजिन जोडून झालेलं,
वडील हँडल मारतायत,
आणि बुडाशी तेलाची धार.

दोघांनी एकदमच परातीत पाहिलं.

माझं एका आकड्यावर भागलं,
कंसांच्या आधी, डावीकडं.
त्यांना अर्धं इंजिन पुन्हा उघडावं लागलं.
शिव्या कुणाला होत्या कळलं नाही.
मी बॅटरी धरून उभी राहिले.