माहेरचं पीठ

पोतं फोडलं तेव्हा आधी वास आला.
मी समुद्र पाहिलेला नाही,
पण झिंग्याच्या खाद्याच्या पोत्यातून तो निघाला
आणि बोडीच्या पाळीवर
माझ्या लुगड्याच्या निऱ्यांत बसला.

भाच्याला फोन केला. गोवर्धन तिकडं बंदरावर
मासळीच्या कुट्याच्या कारखान्यात असतो.
म्हणाला, मावशी, जाळ्यात नखाएवढी पिल्लं येतात,
नाव ठेवायच्या आधीच दळतो आम्ही त्यांना.
काहून, म्हटलं.
तुमच्यासाठीच की.

त्या रात्री टॉर्च घेऊन पाळीवर गेले.
उजेड पडला की झिंग्यांचे डोळे
विडीच्या ठिणगीसारखे पेटतात.
आणली तेव्हा एवढाली होती,
प्लास्टिकच्या पिशवीत, हवा भरून,
रात्रभराच्या गाडीनं.
बीजवाला सांगून गेला होता,
यांना जन्माला खारं पाणी लागतं,
वाढायला गोडं.
म्हणजे माहेर समुद्राचं, सासर वैनगंगेच्या काठचं.
आणि मी रोज संध्याकाळी दोन किलो
माहेरची माणसं
त्यांच्या ताटात वाढत होते.

मग घरच्यानंच करून पाहिलं.
भातगिरणीतला कोंढा, जवसाची ढेप,
तुरीची चुनी, बांधीतले घोंगे उकडून कुटलेले.
(मोहाची ढेप नाही. तिनं मासोळी मरते,
हे आम्हा ढिवरांच्या पोरींना
पाढ्यांच्या आधी शिकवतात.)
पहिली खेप पाण्यात पडली न् विरघळली.
चार दिवसांत बोडी हिरवी झाली,
पहाटे झिंगे काठाला येऊन
मिशा वर काढून श्वास मागत बसले.
सत्तावीस मेले. मी मोजले.
संस्थेच्या सभेत तेजराम उके म्हणाला,
"पुस्तकलाबाई, स्वयंपाक घरी करा."

घरीच केला.
कनकीची घट्ट पेज घालून मळलं,
दिवाळीचा सोऱ्या काढला,
जाड शेवेची चकती बसवली,
टिनावर उन्हात वाळत घातलं.
शेजारची पोरं मूठभर घेऊन पळाली,
थुंकलीही.
परातीत घालून बोडीत सोडलं,
दोरी हातात धरून बसले.
वर ओढली तर परात पुसल्यासारखी,
नुसती एक टाकलेली कात,
आरपार दिसणारी, मिशांसकट,
जसं कुणी कपडे तिथंच सोडून
उठून गेलंय.

वजन पोत्याच्या खाद्यापेक्षा
थोडं कमीच भरलं. व्यापाऱ्यानं बोलून दाखवलं.
तेजरामनं मात्र सोऱ्या मागायला पोरगी पाठवली.

गोवर्धनला नाही सांगितलं.
एका बोडीनं त्याचा कारखाना थांबत नाही,
आणि थांबला तर तो खाईल काय,
हेही मला ठाऊक आहे.

आमचा सांडवा नाल्यात जातो, नाला नदीत,
आणि नदी पुढं.
मास्तर म्हणतात, ती ज्या समुद्राला मिळते
तो गोवर्धनचा नाही, दुसऱ्या अंगाचा आहे.
असेल. मीठ तर एकच.
सोऱ्याचा दट्ट्या सैल झालाय,
शुक्रवारी बाजारात नेते.